नऊला एकेचाळीस

गाडीच्या मागच्या पोटाखाली, एका बोल्टला,
कारखान्यानं पत्र्याची टिकली अडकवलेली असते.
तिच्यावर दोन आकडे. बस्स, एवढीच ओळख.
आमच्या टिकलीच्या जागी निघाला एक वॉशर,
देशी, सियागंजातला, आठ आण्यांचा.

मुर्तुजानं रॉकेलनं हौसिंग धुतलं,
तारेच्या ब्रशनं चार पदर रंग उतरवला:
एक इंग्रजी अक्षर, मग चार,
मग एक आकडा
जो उन्हात तीन दिसायचा, बॅटरीत आठ.

भोपाळचं गिऱ्हाईक रोज विचारतंय,
ॲक्सल नेहमीचा की तो दुसरा?
दुसरा असेल तर तिप्पट देतो.

दुसराच, असं कुमुदआत्या म्हणायची.
खिडकीकडच्या कानानं बहिरी झालेली.
देवास नाक्यापुढे, सपाट रस्त्यावर,
साठलाच इंजिन जीव खाऊन ओरडायचं
आणि ती त्याच्यावर ताण करून आमच्यावर:
इथे काय बघता हिला,
जाम घाटात बघा!

बाबा, तिचे धाकटे भाऊ, पीडब्ल्यूडीतले,
उठून पुस्तक आणायचे. पान एकशे बारा.
दहाला त्रेचाळीस. अकराला त्रेचाळीस.
तिसरी ओळच नाही.
समासात त्यांची निळी शाई: ‘असे नसते.’
तीस दिवाळ्या त्या दोन शब्दांवर
चहा गार झाला.

आता भांडायला दोघंही नाहीत.
गाडी आहे, आणि जॅकवर उचललेली तिची पाठ.

उघडायची गरज नाही, मुर्तुजा म्हणाला.
शाफ्टवर त्यानं खडूची रेघ ओढली,
तिच्या बरोबर समोर हौसिंगवर दुसरी.
डावं चाक तू धर. जरासुद्धा हलू द्यायचं नाही.
एक अडून बसलं की दुसऱ्याला दुप्पट फिरावं लागतं, भिया,
घरात काय वेगळं असतं?

उजवं चाक दोन फेरे.
शाफ्ट चार, आणि अर्ध्याहून जरा जास्त.
नेमकं अर्धं असतं तर आठाला छत्तीस.
पण ते ‘जरा’,
करंगळीच्या नखाएवढं,
ते ‘जरा’ मला आत्याच्या आवाजात ऐकू आलं.

मग अठरा फेरे, न थांबता.
मुर्तुजाचा पोरगा शाफ्टजवळ आडवा पडून
गुजरातीत मोजत होता, मी मनात मराठीत,
रेघ कधी खाली, कधी पलीकडे,
कधी माझ्या घामातून दिसेचना.
ओगणचालीस.
चालीस.
एकतालीस,
आणि रेघेसमोर रेघ.
मधे केससुद्धा जाणार नाही इतकी.

मुर्तुजा खाली बसला, हात पुसत.
नऊ आणि एकेचाळीस, दोघांना भागणारं काही नाही.
म्हणून आत्ता जे फिरलं ना, तेवढ्यात
आतला प्रत्येक दात समोरच्या प्रत्येक दाताला भेटला.
तीनशे एकोणसत्तर भेटी. एकही दुसऱ्यांदा नाही.
आठाला छत्तीस असते, तर तेच दात त्याच दातांशी
जन्मभर.
मग घासतात रे, एकाच जागी.

मी काही बोललो नाही.
हाताला चाकाच्या रबराचा काळा,
नाकात त्या जाड तेलाचा गंधकी वास,
जो आत्याच्या साड्यांना यायचा
आणि आई तिच्या माघारी नाक मुरडायची.

टिकली कुणी काढली, ते मात्र मोजून कळत नाही.

भोपाळला अजून कळवलेलं नाही.
रविवारी महूवरून पुढे जायचा विचार आहे,
जाम दरवाज्यापर्यंत, दुसऱ्या गिअरमध्ये,
खिडकी उघडी ठेवून.

पुस्तक काढलं. पान एकशे बारा.
‘असे नसते’च्या खाली लिहिलं: नऊला एकेचाळीस,
आणि आजची तारीख.
पेन्सिलीनं.
बाबांच्या पुस्तकात पेन चालवायची
अजून हिंमत होत नाही.